वानराची माधुकरी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमा झाली की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे जन्मोत्सवाचा महाप्रसाद आणि दुसरी म्हणजे उत्सव आटोपल्यावर निघणारी भजनी मंडळाची सहल. चिंचवड, भोसरी, मोशी, चाकण या आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातली मंडळी मुलासुनांच्या सुट्ट्या बघून बस ठरवतात आणि नाशिक रस्त्याला लागतात. कुणी मंचर, घोडेगाव, डिंभे करून भीमाशंकरला जातात, कुणी नारायणगाव, जुन्नर करून लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला. ज्यांचे गुडघे साथ देतात ते गिरनार चढतात. या सगळ्या ठिकाणी देवाचे दर्शन व्हायच्या आधी आपल्याला दर्शन देतात ती माकडे.

"दत्ताच्या अंकात माकडांचे काय काम?" असे कुणी विचारील. काम आहे, बरं का. आपल्या दत्तप्रभूंकडे नुसते बघा. पाठीशी गाय, पायाशी चार श्वान, डोक्यावर औदुंबराची सावली. प्राणी आणि झाडे वगळून दत्ताचे चित्रच पुरे होत नाही. आणि भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाने अवधूताला विचारले की, महाराज, तुमच्याजवळ काही नसताना तुम्ही इतके आनंदात कसे? तेव्हा अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. त्यात पृथ्वी आहे, पाणी आहे, अजगर आहे, मधमाशी, मासा, हत्ती, कोळी आहे. आपल्या नाथमहाराजांनी याच एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि ती काशीत १५७३ साली पूर्ण केली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे दत्तभक्त, हे आपण जाणतोच.

आता त्या चोवीसांच्या यादीत माकड नाही. पण माकडांच्या राज्यात गेल्यावर कसे वागावे, हे शिकवणारे तीन गुरू मात्र त्या यादीत आहेत. मधमाशी, मासा आणि कुरर पक्षी. त्यांच्याकडून आज आपण धडा घेऊ.

पहिला गुरू : मधमाशी

मधमाशी एका फुलाला ओरबाडत नाही. इथून थोडे, तिथून थोडे असा मध घेते. अवधूत म्हणतात, भिक्षा अशीच घ्यावी. एकाच घरावर भार टाकू नये. यालाच आपण माधुकरी म्हणतो. दत्तप्रभू स्वतः रोज कोल्हापुरी भिक्षेला येतात, अशी आपली श्रद्धा आहे. माधुकरी मागून शिकलेली पिढी आपल्यातल्या पुष्कळांनी आपल्या वडिलांच्या रूपाने पाहिलेली आहे.

जंगलातले माकड हीच माधुकरी करते. सकाळी कोवळी पाने, मग उंबराची चार फळे, मग एखाद्या झाडाच्या कळ्या, सालीखालचे किडे. एका झाडावर थोडे खाऊन टोळी पुढे सरकते. झाडही उघडे पडत नाही, आणि फळातली बी दूरवर जाऊन पडते. भीमाशंकरचे रान असेच पेरले गेलेले आहे. तिथे माणसाने सगळी लावणी केलेली नाही.

आपण सरसकट 'माकड' म्हणतो, पण आपल्याकडे ही दोन जातींची मंडळी आहेत. तांबूस तोंडाचे, तपकिरी अंगाचे ते माकड. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर भेटते ते हे. त्याच्या गालांत आतून थैल्या असतात. हाती लागेल ते भराभर गालात कोंबायचे आणि मग निवांत बसून खायचे, अशी त्याची रीत. दुसरे काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे, राखाडी अंगाचे ते वानर. गिरनारच्या पायऱ्यांवर दिसते ते हे. वानराचे पोट गायीगुरांसारखे कप्प्याकप्प्यांचे असते आणि त्यात पाने आंबवून पचवणारे सूक्ष्म जीव असतात. पाला पचवायला देवाने दिलेली ही भट्टी. तिच्यात पेढे, बिस्किटे, गोड पाव गेले की नको तसे आंबते, पोट फुगते. आपण म्हणतो, "बघा कसे आवडीने खाते!" अहो, मधुमेहाचा रोगीही जिलबी आवडीनेच खातो.

म्हणजे आपण केळ्यांची फणी घेऊन जातो, तेव्हा उपाशी जीवाला अन्न देत नसतो. ज्याची माधुकरी चाललेली आहे, त्याची झोळी काढून घेऊन त्याला एका दारात बसवत असतो.

दुसरा गुरू : मासा

मासा जिभेपायी मरतो. गळाला लावलेले आमिष त्याला दिसते, आमिषातला काटा दिसत नाही. अवधूत म्हणतात, सगळी इंद्रिये जिंकता येतील, पण जीभ जिंकली नाही तर काही जिंकले नाही.

घाटात मोटार थांबवून काच खाली करून बिस्किटे फेकणारा सज्जन हा नकळत गळ टाकत असतो. दोन-चार महिन्यांत ती टोळी रान सोडून रस्त्याच्या कडेला बसू लागते. वळणावर मोटार आली की पिल्लू आडवे जाते आणि चाकाखाली सापडते. पिशवीसकट खाल्लेले प्लास्टिक पोटात अडकते. टोळीतले दांडगे नर सगळे ओढून नेतात आणि म्हातारे, लेकुरवाळे तसेच राहतात. एकदा माणसाचे भय गेले की माकड मागत नाही, हिसकावते. हिसकावताना एखाद्या लहान मुलाला ओरखडते, चावते. मग लोक तक्रार करतात, पिंजरा येतो आणि ते माकड आपल्या टोळीतून, आपल्या रानातून उचलले जाते. त्याने काय गुन्हा केला? आपण शिकवले तेच केले.

मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. जमा आणि नावे या दोन बाजू जुळल्याशिवाय संध्याकाळी घरी जायची सोय नव्हती. कुणाच्या खात्यात रक्कम जमा झाली, तर ती कुणाच्या तरी नावे पडलीच पाहिजे. शनिवारी माकडाला केळी घातली, आपल्या खात्यात पुण्य जमा झाले असे आपण म्हणतो. मग नावे कुणाच्या पडले? आपल्या मागून पायऱ्या चढणाऱ्या त्या नातवंडाच्या, ज्याच्या हातातला खाऊ हिसकावला जाणार आहे. डोंगराखालच्या शेतकऱ्याच्या, ज्याच्या शेतात सोकावलेली टोळी उतरणार आहे. आणि शेवटी त्या माकडाच्या. असे पुण्य चित्रगुप्ताच्या वहीत टिकेल का, याचा ज्याने त्याने विचार करावा.

इथे आपल्यातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "अहो, तो मारुतीराया आहे. दारी आलेल्या मारुतीला हाकलायचे का?" प्रश्न मनापासूनचा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. हाकलायचे मुळीच नाही. नमस्कार करायचा, दुरून. पण मारुतीराय कुणाच्या हातातले मागून खाणारे नव्हेत. अशोकवनात भूक लागली तेव्हा त्यांनी सीतामाईची आज्ञा घेतली आणि झाडाची फळे खाल्ली. ज्याच्यात आपण मारुती पाहतो, त्याला रस्त्याच्या कडेचा याचक करणे ही कोणती भक्ती? शनिवारचे तेल-रुई मारुतीच्या देवळात वाहावे. केळी द्यायची तर एखाद्या वसतिगृहातल्या मुलांना द्यावीत, तिथे ती अंगी लागतील.

दुसरी अडचण प्रसादाची. महाप्रसादातले उरलेले पिशवीत बांधून "माकडांना होईल" म्हणून बरोबर घेण्याची पद्धत आहे. प्रसाद टाकायचा नाही ही भावना योग्यच. पण प्रसाद माणसांत वाटून संपवावा. डोंगरावर नेताना नैवेद्य खडीसाखरेएवढाच ठेवावा. नारळ फोडला तर तो देवळाच्या आवारातच वाटावा आणि करवंट्या वाटेवर टाकू नयेत.

कायद्याचेही ऐकून ठेवा. भीमाशंकरचे रान १९८५ पासून वन्यजीव अभयारण्य आहे. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी तांबूस खार, ही तिथली मुख्य राखण. पुणे, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांत हे अभयारण्य पसरले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यात प्राण्यांना छेडणे आणि कचरा करणे यांना मनाई आहे. देवळाच्या पायरीवर आपण भक्त असतो, पण देवळाभोवतीच्या रानात आपण पाहुणे. पाहुण्याने घरच्यांच्या पोरांना चिडवायचे नसते.

तिसरा गुरू : कुरर पक्षी

कुरर म्हणजे आपल्याकडे ज्याला टिटवी असेही म्हणतात तो पक्षी. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता. तो पाहून दुसरे बलवान पक्षी त्याच्या मागे लागले, टोचू लागले. त्याने तुकडा टाकून दिला आणि त्याच क्षणी तो सुखी झाला. पाठलाग त्याचा नव्हताच, तुकड्याचा होता.

लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर हा दृष्टान्त अक्षरशः घडताना दिसतो. माकड आपल्या अंगावर येत नाही, आपल्या हातातल्या पिशवीवर येते. आमच्या ओळखीतल्या एका भजनी मंडळातल्या काकूंची गोष्ट सांगतो. हातात प्रसादाची पातळ, कुरकुरणारी पिशवी. माकडाने ती धरली. काकूंनीही धरली. "देवाचा प्रसाद आहे रे मेल्या, सोड!" अशी ओढाओढ झाली आणि मनगटावर नखांचे तीन ओरखडे उठले. पिशवी गेलीच. ती आधी सोडली असती तर फक्त पिशवी गेली असती. नशीब असे की बसमध्ये एक निवृत्त परिचारिका होत्या. कुणी हळद शोधत होते, कुणी चुना. त्या बाईंनी सगळ्यांना गप्प केले, साबण आणला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली हात धुवायला लावला. मग सहल तशीच ठेवून काकूंना दवाखान्यात नेले.

हे लक्षात ठेवा, कारण आपल्या वयाच्या लोकांना रेबीज म्हटले की फक्त पिसाळलेला कुत्रा आठवतो. माकडाच्या चावण्यातूनही तो धोका असतो. जखम असो की ओरखडा, साबण आणि भरपूर वाहते पाणी, पंधरा मिनिटे. हळद, तिखट, चुना, तपकीर काही लावायचे नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा आणि डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखांना इंजेक्शने पूर्ण करायची. "दोन घेतली, आता बरे वाटते" म्हणून उरलेली सोडायची नाहीत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मग उपाय जवळजवळ उरत नाही. उपाय आहे तो आधीच.

आता कुररगुरूंची शिकवण रोजच्या वागण्यात कशी उतरवायची ते सांगतो.

हात मोकळे ठेवावेत. खाण्याचे सामान बसमध्येच, काचा बंद करून. पाण्याची बाटली आणि औषधे खांद्याला अडकवलेल्या, चेन असलेल्या पिशवीत. कुरकुरणाऱ्या पातळ पिशव्या नकोतच, त्यांचा आवाज माकडे लांबून ओळखतात. चष्म्याला दोरी बांधावी. नातवंडांच्या हातात वेफर्स, आइस्क्रीम देऊ नये आणि त्यांचा हात सोडू नये.

माकडाच्या डोळ्यांत रोखून बघू नये. आपण कौतुकाने बघतो, त्याला ते आव्हान वाटते. त्याने दात दाखवले म्हणजे ते हसत नसते, इशारा देत असते. आपणही दात काढून हसू नये. पिल्लू कितीही गोजिरवाणे असले तरी पिल्लू आणि आई यांच्या मधे जाऊ नये. मोबाइलवर फोटो काढण्यासाठी त्याच्याकडे पाठ करून शेजारी बसणे हा तर शुद्ध वेडेपणा.

माकड जवळ आलेच तर पळू नये, किंचाळू नये. रिकामे तळवे उघडे करून दाखवावेत आणि त्याच्याकडे पाठ न करता सावकाश मागे सरावे. काठी असेल तर ती जमिनीवर आपटावी, अंगावर उगारू नये. दगड तर कधीच मारू नये. चोवीस गुरूंतला अगदी पहिला गुरू पृथ्वी, तिच्याकडून अवधूताने क्षमा शिकली. आणि वस्तू धरली गेलीच तर सोडून द्यावी. पिशवी परत घेता येते, बोट परत येत नाही.

कोकणात, विशेषतः माणगावला टेंबे स्वामींच्या जन्मस्थानी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रोगी आढळले. हा ताप प्रथम १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या रानात ओळखला गेला. नाव माकडाचे असले तरी तो माणसाला होतो गोचिडीच्या चावण्याने. बिचारी माकडे स्वतःच त्याने मरतात. म्हणून रानात पाचोळ्यावर बसू नये, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, आणि मेलेले माकड दिसले तर "मारुतीला अग्नी देऊ" म्हणून हात लावू नये. दुरून हात जोडून वनखात्याला कळवावे. वनखात्याचा क्रमांक १९२६ आहे. जखमी प्राणी दिसला तरी हाच क्रमांक.

मग द्यायचे काय?

भक्ताच्या मनाला देण्याची ओढ असते आणि ती चांगली ओढ आहे. भीमाशंकरच्या परिसरातल्या महादेव कोळी बांधवांनी ती कशी भागवली ते पाहा. त्यांनी देवाच्या नावाने रानेच राखली. आंबेगाव तालुक्यात आहुप्यासारख्या गावांत आजही देवराई आहे. देवराईतले झाड तोडायचे नाही, ही तिथली पूजा. फूल वाहणे ही भक्ती आहेच, पण फूल झाडावर राहू देणे ही सुद्धा आपल्याच मातीतली भक्ती आहे.

दुसरे उदाहरण धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावचे. २०२२ साली वर्तमानपत्रांत आले होते. त्या गावच्या जमिनीच्या नोंदीत ३२ एकर जमीन माकडांच्या नावे आहे. तिथले लोक दारी आलेल्या माकडाला खायलाही घालतात. ती त्यांची गावची पूर्वापार शेजारपणाची रीत, ती आपण प्रवाशांनी उचलू नये. उचलायचे ते एवढेच, की कुणी तरी कधी तरी माकडाच्या नावे जागा लिहिली. एका फणीची भूक घटकाभराची, जागेची भूक पिढ्यांची.

आणि आपल्या दत्तसंप्रदायाला तर देण्याची वस्तू शोधायला लांब जायला नको. औदुंबर! ज्याच्या तळी आपण गुरुचरित्राची पारायणे करतो, तो उंबर वर्षातून अनेकदा फळतो. बाकी रान कोरडे असते तेव्हाही त्याच्या खोडाला फळे लगडलेली असतात. माकडे, वानरे, खारी, वटवाघळे, कितीतरी पाखरे त्याच्यावर जगतात. आपण त्याला प्रदक्षिणा घालतो आणि वर फांदीवर त्याच वेळी दुसऱ्यांची माधुकरी चाललेली असते. तेव्हा मंडळाच्या प्रत्येक सहलीमागे एक उंबर लावावा. अभयारण्यात आपल्या मनाने काही लावायचे नाही, तो अधिकार वनखात्याचा. पण आपल्या गावच्या गायरानात, ओढ्याकाठी, ग्रामपंचायतीला विचारून लावावा आणि तीन उन्हाळे पाणी घालून जगवावा. हे दान कुणाच्या नावे पडत नाही. सगळ्यांच्या खाती जमाच होते.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. भीमाशंकरच्या रानात भीमा नदी उगम पावते. आपली इंद्रायणी तुळापुरला तिला मिळते, आपली पवनाही मुळा-मुठेतून तिलाच जाऊन मिळते. तीच भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते आणि पुढे गाणगापुरी अमरजेला भेटते. संगमावर आपण स्नान करतो, निर्गुण पादुकांचे दर्शन घेतो. त्या संगमातल्या पाण्याचा एक घोट तरी त्या रानाने धरून ठेवलेला असतो, ज्या रानाची पेरणी माकडे, वानरे, शेकरू आणि पाखरे करतात. गुरुमहाराजांच्या तीर्थाचे हे वरच्या अंगाचे सेवेकरी आहेत. त्यांच्या सेवेत आपण विघ्न आणू नये.

म्हणून यंदा बस निघताना आरती झाली की मंडळाच्या प्रमुखांनी सर्वांकडून एवढा संकल्प म्हणवून घ्यावा: खायला घालणार नाही, छेडणार नाही, कचरा टाकणार नाही, धरलेले सोडून देईन, आणि परत आल्यावर एक उंबर लावीन. मग खुशाल पायऱ्या चढाव्यात. वाटेत वानर दिसले तर क्षणभर थांबावे, दुरून हात जोडावेत आणि त्याला त्याच्या माधुकरीला जाऊ द्यावे. आपण आपल्या दर्शनाला जावे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!